धर्मादाय खातं पुन्हा उघडा

आमच्या वाचनालयात सात कपाटं आहेत आणि सातही कपाटांवर देणगीदारांची नावं आहेत, ‘कै.’ लावून. एका पंख्याच्या पात्यांवरही नाव आहे. पंखा सुरू झाला की तेवढं दिसेनासं होतं. ग्रंथपालबाईंच्या पगारावर मात्र कुणाचं नाव नाही. विजेच्या बिलावर नाही, नव्या पुस्तकांच्या बिलावर नाही. आणि वाचनालय बंद पडायच्या बेताला आलंय ते नेमकं या तीन खर्चांपायी.

हे मी गावातल्या दुकानदारांसाठी, आडत्यांसाठी आणि एमआयडीसीतल्या कारखानदारांसाठी लिहितो आहे. माझे वडील मोंढ्यात मुनीम होते, म्हणून थोडं हक्कानं बोलतो. त्यांच्या पेढीच्या खतावणीत ‘धर्मादाय’ नावाचं एक खातं असे. सौदा झाला की काही पैसे वेगळे काढून त्या खात्यावर जमा होत. ते पैसे शेठचे नसत आणि गिऱ्हाइकाचेही नसत; शेठ फक्त सांभाळणारा. पाणपोईचे रांजण, धर्मशाळेची कौलं, गोशाळेची वैरण त्यातूनच व्हायची. सगळे शेठ धुतल्या तांदळासारखे होते असं नाही. धर्मादायाच्या पैशातून घरच्या लग्नाच्या पंगती उठवणारेही होते आणि बाजारात त्यांच्याबद्दल कुजबुज चालायची. पण कुजबुज व्हायची ती खातं होतं म्हणून. पुढे हिशेब संगणकावर गेले, जीएसटी आला, आणि ते खातं कधी मिटलं हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

हे खातं ठेवा म्हणून कुणा सरकारनं सांगितलं नव्हतं. वाचनासाठी व्यापाऱ्या-कारखानदारांचा पैसा आला तोही असाच, आपणहून. मुंबईत टांकसाळीत आणि गोदीत काम करणाऱ्या तरुण कारागिरांनी १८४७ साली वाचनासाठी एक संस्था काढली. काळा घोड्याजवळ आज दिसते ती तिची इमारत १८७० मध्ये झाली, आणि तिच्यासाठी बगदादहून आलेल्या डेव्हिड ससून यांनी साठ हजार रुपये दिले. ससूनांच्या पैशात अफूच्या व्यापाराचा पैसा होता, हेही सांगून टाकतो. उगाच कुणाला संत करायला नको. पण कारागिरांनी सुरू केलेलं काम व्यापाऱ्यानं पुढे नेलं आणि तिथे माणसं अजून वाचत बसतात. आपल्याकडे लोखंडी नांगर करणाऱ्या किर्लोस्करांच्या वाडीतून १९२० साली कारखान्याची बातमीपत्रिका म्हणून ‘किर्लोस्कर खबर’ निघाली आणि तिचंच पुढे घरोघर वाचलं जाणारं मासिक झालं. त्यानं नांगर खपायला मदत झाली असेल, नसेल. मराठी वाचकाला मात्र त्याचा मोठा लाभ झाला.

आता तर कायदाही आहे. ज्या कंपनीचा वर्षाचा निव्वळ नफा पाच कोटी किंवा उलाढाल हजार कोटी किंवा नक्त मालमत्ता पाचशे कोटी वा त्याहून जास्त, तिनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करायचे, असं २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ सांगतं. कशावर खर्च करता येईल याची यादी सातव्या अनुसूचीत आहे आणि त्या यादीत सार्वजनिक वाचनालयं उभारणं स्पष्ट लिहिलेलं आहे. कंपनी जिथं काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावं, असंही त्याच कलमात आहे. तरी आमच्या एमआयडीसीतल्या धुरांड्यांचा धूर इथं आणि निधीचे निर्णय मुंबईत, असं चाललंय. मुख्य कार्यालयातल्या साहेबांना आमचं वाचनालय दिसणार कुठून? इथल्या व्यवस्थापकानं एक पत्र लिहिलं तर दिसेल. ते पत्र लिहा, एवढंच त्यांच्याकडे मागणं आहे.

दोष आम्हा वाचनालयवाल्यांचाही आहे. कंपनीचा असा निधी घ्यायचा तर संस्थेची ‘सीएसआर-१’ नोंदणी लागते, त्याआधी आयकर खात्याचे १२ए आणि ८०जीचे कागद लागतात, हिशेब तपासलेले लागतात. किती कार्यकारिणींनी हे केलंय? आम्ही वर्षानुवर्षं सरकारी अनुदानाच्या हप्त्याकडे डोळे लावून बसलो. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानं अनुदान दिलं हे खरं, पण अ, ब, क, ड असे वर्ग पाडून ते मोजून मापून येतं आणि ग्रंथपालाला वेतनश्रेणी नाही ती नाहीच. मोजणीत चुकू नये म्हणून नोंदवह्या नीट ठेवणाऱ्या बाईंना स्वतःच्या पगाराची वाट बघावी लागते.

मोबाइलवर सगळं मिळतं, मग वाचनालय कशाला, असं कुणी म्हणालं की मी त्याला संध्याकाळी सहाला घेऊन जातो. मागच्या खोलीत स्पर्धा परीक्षेची मुलं-मुली बसलेली असतात. घर दोन खोल्यांचं, त्यात टीव्ही चालू, शेजारी आजारी आजोबा. अभ्यासाला खुर्ची आणि उजेड मिळतो तो इथेच. पुढच्या खोलीत निवृत्त मास्तर आणि हमाल एकाच बाकावर एकाच वर्तमानपत्राची पानं वाटून घेतात. आमच्या गावात अशी दुसरी जागा मला माहीत नाही. देवळात रांग असते, हॉटेलात चहा घ्यावा लागतो.

म्हणून शेठजी, दादा, ताई, कायदा तुमच्या दुकानाला लागू नाही हे मला कळतं. तुमचा नफा पाच कोटींच्या जवळपासही नाही. पण बाजारपेठेतल्या तीस दुकानांनी महिन्याला पाचशे रुपये बाजूला काढले तर महिन्याला पंधरा हजार होतात, वर्षाला एक लाख ऐंशी हजार. एकदाच मोठी देणगी देऊन फोटो काढण्यापेक्षा हे दर महिन्याचे पाचशेच वाचनालयाला जगवतील. येत्या लक्ष्मीपूजनाला नवी वही पुजाल, तेव्हा तिच्यात धर्मादायाचं पान घाला आणि पहिली रक्कम पाडव्यालाच मांडा.

कपाट मात्र नको, ठेवायला जागा उरलेली नाही. वाचनालय संध्याकाळी पाच ते आठ उघडं असतं. पावती ग्रंथपालबाई देतात.