इंजिन बदललेली मोटार आणि मूळ संहितेचा प्रश्न

बर्मिंगहॅमजवळ राहणारे माझे एक वडीलधारे स्नेही निवृत्तीनंतर एका जुन्या स्पोर्ट्स मोटारीच्या जीर्णोद्धारात गुंतले आहेत. मोटार १९७१ सालची एमजीबी जीटी. कित्येक वर्षे ती कुणाच्या तरी शेतावरच्या पडवीत उभी होती. दारांखालचा पत्रा गंजून हाताने तुटत होता आणि एका हिवाळ्यात आतले पाणी गोठल्याने इंजिनाचा ब्लॉक तडकला होता. गंजलेला पत्रा कापून त्यांनी नवा जोडला, आसने नव्याने मढवली, आणि मग मला पत्र लिहिले. ''अहो मास्तर, तुम्ही पाठभेदांत आयुष्य घालवलेली माणसं. मूळ इंजिनाच्या जागी मी रोव्हरचं व्ही-एट बसवतोय. इथले जाणकार म्हणतात, तुम्ही गाडी मारलीत. आता तुम्हीच सांगा, गाडी तीच राहिली का?''

पत्राचे उत्तर लांबत गेले, म्हणून हा लेख.

'जीर्णोद्धार' हा शब्द आपल्याकडे देवळांवरून आला. भिंती कोसळतात, शिखर नव्याने बांधले जाते, परंतु गाभाऱ्यातला देव तोच राहतो, अशी त्यामागची साधारण समजूत आहे. स्नेह्यांनी नेमके उलटे केले. भिंती जपल्या आणि देव बदलला. त्यांच्या मित्रांचा संताप यातून येतो, आणि तो पोकळ नाही. मोटारीचा आवाज, तिची थरथर, चढावर तिला लागणारा दम, हे सारे इंजिनाचे असते. पत्रा आपण पाहतो; इंजिन आपण ऐकतो आणि अंगावर घेतो. तेव्हा 'एका सुट्या भागाचे काय एवढे' असे म्हणून हा प्रश्न उडवून लावता येणार नाही.

मात्र 'मूळ' म्हणजे काय, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे. एमजीबी १९६२ मध्ये ॲबिंग्डनच्या कारखान्यातून बाहेर पडू लागली आणि १९८० पर्यंत बनत राहिली. तिच्यातले १७९८ सीसीचे चार सिलिंडरांचे इंजिन मुळात तिच्यासाठी जन्मलेच नव्हते. ते 'बी-सीरिज' नावाच्या एका मोठ्या कुळातले. हे कुळ १९५० च्या दशकात ब्रिटनच्या साध्या, घरगुती मोटारींसाठी घडले होते, आणि त्याच कुळातले १४८९ सीसीचे धाकटे इंजिन आपल्या अँबॅसडरमध्ये अनेक वर्षे धडधडत होते. म्हणजे मंत्रालयाच्या पोर्चमध्ये उभी असलेली पांढरी अँबॅसडर आणि इंग्रजी खेड्यांतून वळणे घेत जाणारी ती देखणी स्पोर्ट्स मोटार या इंजिनाच्या नात्याने चुलत बहिणी होत. पुढे अँबॅसडरमध्ये इसुझूचे जपानी इंजिन आले, तेव्हा 'अँबॅसडर मेली' असे कोणी म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही. उलट ती चढ चांगली चढते, असेच सारे म्हणाले. अर्थात तो बदल कारखान्याने केला होता. लेखकाने स्वतः दुसऱ्या आवृत्तीत केलेल्या दुरुस्तीला आपण क्षेपक म्हणत नाही. तसेच काहीसे हे.

परंतु कर्त्याचा हात लागला म्हणजे बदल आपोआप चांगला ठरतो का? एमजीचाच इतिहास याचे उत्तर देतो. १९६७ मध्ये कारखान्याने स्वतःच या मोटारीत २९१२ सीसीचे सहा सिलिंडरांचे लोखंडी इंजिन बसवले आणि तिला एमजीसी असे नाव दिले. ते धूड इतके जड निघाले की पुढच्या चाकांची सारी मांडणी बदलावी लागली, आणि तरीही मोटार वळणावर नाक जमिनीला टेकवल्यासारखी वागते अशी टीका झालीच. दोन वर्षांत, सुमारे नऊ हजार मोटारी बनवून, हा प्रयोग आटोपला. त्यानंतर केन कॉस्टेलो नावाच्या एका शर्यतपटूने १९७० च्या सुमारास आपल्या छोट्या कारखान्यात याच मोटारीत रोव्हरचे साडेतीन लिटरचे व्ही-एट बसवले. सिलिंडर दुप्पट, पण सारे अल्युमिनियमचे, त्यामुळे वजन मूळच्या लोखंडी इंजिनापेक्षा काहीसे कमीच. मोटारीचा तोल राहिला आणि बळ वाढले. कारखान्याच्या अधिकाऱ्यांनी ती मोटार मागवून पाहिली, आणि १९७३ मध्ये 'एमजीबी जीटी व्ही-एट' कारखान्यातूनच बाहेर आली. बाहेरच्या माणसाने घुसडलेली ओवी मूळ लेखकाने आपल्या पुढच्या आवृत्तीत स्वीकारावी, असा हा दुर्मीळ योग आहे.

इथे एक बारीकसा तपशील आहे, आणि मला तो साऱ्या वादाचा गाभा वाटतो. रोव्हरच्या इंजिनाचे कार्ब्युरेटर उंचावर असतात, त्यामुळे एमजीबीचे बॉनेट त्यांच्यावर बसत नाही. कॉस्टेलोने बॉनेटवर सरळ एक उंचवटा काढला. आत काही निराळे आहे हे रस्त्यावरच्या पोरालाही कळावे! कारखान्याने मात्र नवे मॅनिफोल्ड घडवून कार्ब्युरेटर मागे, खालच्या अंगाला नेले, म्हणजे बॉनेट जसेच्या तसे राहिले. अभियांत्रिकीच्या दृष्टीने हे काम अधिक सफाईचे. पण बाहेरून पाहणाऱ्याला ९५ अश्वशक्तीची मोटार कोणती आणि १३७ अश्वशक्तीची कोणती, हे छोटे बिल्ले वाचल्यावाचून कळू नये, अशी ती सफाई होती. अशा २,५९१ मोटारी बनल्या आणि १९७६ मध्ये हे प्रकरण संपले. मी स्वतः कॉस्टेलोच्या उंचवट्याच्या बाजूचा आहे. जोड दिसली पाहिजे.

ज्या व्ही-एटला शुद्धतावादी आज 'परके' म्हणतात त्याचा प्रवास पाहिला तर आणखी गंमत वाटते. ते जन्माने अमेरिकन. ब्युइकने ते १९६१ मध्ये आणले आणि दोन-तीन वर्षांत सोडूनही दिले. १९६५ मध्ये रोव्हरने त्याचे हक्क विकत घेतले आणि इंग्लंडात त्याला असा पुनर्जन्म दिला की ते पुढे रेंज रोव्हरपासून मॉर्गनपर्यंत साऱ्यांच्या पोटात जाऊन बसले. आज ते इंग्रजी इंजिन म्हणूनच ओळखले जाते. अनुवादित पुस्तक भाषेत इतके मुरावे की त्याचे परकेपण कोणाला आठवू नये, असे साहित्यातही घडतेच.

हे काम वाटते तितके सोपे नाही. दोन नटबोल्ट काढले, दोन लावले असा हा मामला नव्हे. १९७४ च्या अखेरीस आलेल्या, रबरी बंपरच्या मोटारींच्या पुढच्या भागात व्ही-एटची सोय आधीच होती. स्नेह्यांची मोटार त्याआधीची. तिच्यात धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांसाठी मडगार्डच्या आतला पत्रा कापावा लागतो किंवा ठोकून मागे घ्यावा लागतो. रेडिएटर पुढे सरकतो. स्टिअरिंगचा दांडा नळ्यांना घासणार नाही हे पाहावे लागते. जुना गिअरबॉक्स इतके बळ पेलत नाही, तेव्हा तोही रोव्हरचा. मागच्या आसाचे दात ३.९ च्या प्रमाणात तसेच ठेवले तर इंजिन उगाच किंचाळत राहते; कारखान्याने ते ३.०७ वर आणले होते. मग ब्रेक. एक शब्द बदलावा आणि त्यापायी सगळी कविताच पुन्हा मात्रेत बसवावी लागावी, तसे हे आहे. म्हणूनच 'फक्त इंजिन बदलले' हे वाक्य मला खरे वाटत नाही. हा नवा पाठ आहे, आणि त्याला तसेच म्हटले पाहिजे.

कायद्याला विचारावे तर तो देशोदेशी निराळे बोलतो. ब्रिटनच्या वाहन-नोंदणी खात्याने कित्येक वर्षे एक गुणपद्धती वापरली. त्या पद्धतीत फेरबदल केलेल्या मोटारीचा जुना नोंदणी क्रमांक टिकवायला चौदापैकी आठ गुण लागत. सांगाड्याला पाच, चाकांच्या झोळणीला, आसांना, गिअरबॉक्सला आणि स्टिअरिंगला प्रत्येकी दोन, आणि इंजिनाला अवघा एक! आपल्याकडे २०२१ मध्ये विंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम आले. त्यांत पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली आणि सांगाड्यात वा इंजिनात मोठा फेरफार न झालेली मोटारच 'विंटेज' ठरते. म्हणजे त्या पद्धतीत स्नेह्यांची मोटार बर्मिंगहॅमला इंजिनापुरती एका गुणाने उणी, आणि पुण्यात विंटेजच नव्हे. त्यातही भर अशी की १९८८ पासून एमजीबीचे पूर्ण नवे सांगाडे जुन्याच साच्यांवर पुन्हा बनू लागले. पाच गुणांचा तो सांगाडाही कालचा असू शकतो.

या बाबतीत लंडनच्या न्यायालयात १९९० मध्ये चाललेला खटला साहित्याच्या विद्यार्थ्यांनी जरूर वाचावा. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल मानची शर्यत जिंकणारी बेंटलीची 'ओल्ड नंबर वन' ही मोटार एक कोटी पौंडांना विकण्याचा करार झाला होता. पुढे खरेदीदार मागे हटला. त्याचे म्हणणे, ही ती मोटारच नव्हे. आणि त्याच्या म्हणण्याला आधार होता. चासिस बदलली होती, १९३२ मध्ये आठ लिटरचे इंजिन बसवले होते, त्याच वर्षी ब्रुकलँड्सच्या अपघातात तिचा चालक क्लाइव्ह डनफी मरण पावला, आणि त्यानंतर मोटारीला निराळेच शरीर चढवले गेले. शर्यत जिंकणाऱ्या धातूचा फार थोडा अंश तिच्यात उरला होता. न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला, की ही मोटार 'मूळ' नव्हे, पण 'अस्सल' आहे. कारण ती कधी मोडीत गेली नाही वा नाहीशी झाली नाही, तिच्यातले बदल एकामागून एक, तिच्या चालू आयुष्यात होत गेले. मूळ आणि अस्सल यांतला हा भेद मला फार मोलाचा वाटतो. संत-साहित्याच्या परंपरेत वाढलेल्या आपल्यासारख्यांना तो परका वाटू नये.

आपल्या विषयाकडे वळायचे तर एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत आपली ओवी कोणी मिसळू नये अशी ताकीद दिली. ही जाणकारांची, शुद्धतावाद्यांची भूमिका. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत सुकथनकरांनी मूळ संहितेबाहेर ठरलेले श्लोक फेकून दिले नाहीत. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत, क्रमांक देऊन ठेवले. वाचकाला वाटल्यास तो ते पुन्हा जागेवर बसवून पाहू शकतो. जुन्या मोटारीचे इंजिन बदलणाऱ्याने हा धडा घ्यावा असे मला वाटते. जॅग्वारने २०१७ मध्ये आपल्या ई-टाइपमध्ये विजेची मोटर बसवून दाखवली, तेव्हा बॅटऱ्यांचा संच जुन्या सहा सिलिंडरी इंजिनाच्याच आकाराचा आणि साधारण तेवढ्याच वजनाचा ठेवला, म्हणजे उद्या कोणाला वाटले तर जुने इंजिन परत बसवता यावे. मला ती मोटार ऐकायला आवडणार नाही (ऐकण्यासारखे तिच्यात उरलेच काय?), पण तिच्या कर्त्यांनी परतीची वाट मोकळी ठेवली, हे मान्य केले पाहिजे.

खरा गुन्हा कोणता, तर तो जुन्या मोटारींच्या बाजारात घडतो. मोटारीच्या सांगाड्याचा आणि इंजिनाचा क्रमांक कारखान्याच्या नोंदीशी जुळला की किंमत वाढते, म्हणून दुसऱ्याच इंजिनावरचा क्रमांक घासून तिथे जुना क्रमांक ठोकणारे लोक आहेत. हे म्हणजे अलीकडची ओवी जुन्या कागदावर, जुन्या शाईत लिहून पोथीत सरकवणे. असल्या 'मूळ' मोटारीपेक्षा कॉस्टेलोचा उंचवटा शंभरपट अस्सल.

माझे मत सरसकट नाही, हेही सांगितले पाहिजे. सर्व प्रकार मिळून पाच लाखांहून अधिक एमजीबी बनल्या. तिच्या शुद्ध प्रती जगभर विपुल आहेत, त्यामुळे एखाद्या प्रतीत कोणी पाठ बदलला तर संहितेला धोका नाही. पण जिच्या चारच प्रती उरल्या आहेत अशा मोटारीला कोणी करवत लावली, तर मी त्या जाणकारांच्या रांगेत जाऊन उभा राहीन. शिवाय व्ही-एटने जे मिळते त्याबरोबर काही जातेही. त्या जुन्या चार सिलिंडरांचा किंचित घोगरा, कष्टाळू आवाज, आणि बेताच्या बळात वळण नीट घ्यायला शिकवणारी त्याची शिस्त. अधिक बळाच्या मोटारीला ती शिस्त लागत नाही. ही हानी मोजता येत नाही म्हणून ती नाहीच असे मानण्याचे कारण नाही.

हे सारे मी स्नेह्यांना लिहिले. गाडी मेली नाही, पण ती आता दुसरी आवृत्ती आहे. तडकलेले इंजिन विकू नका, त्याचा क्रमांक, काढल्याची तारीख आणि कापलेल्या पत्र्याची मापे वहीत लिहून ठेवा, आणि बॉनेटला उंचवटा येत असेल तर येऊ द्या, असे कळवले. चार दिवसांनी दोन ओळींचे उत्तर आले. उंचवटा येतो आहे, पत्रा ठोकायला दिला आहे. वही घातली. इंजिन मात्र ताडपत्रीखाली जिन्याच्या तोंडाशी पडून आहे, आणि आमच्या सौ. विचारतात, मास्तरांची ही तळटीप घरात ठेवायची कुठे?