हरलेल्या डावाची वही

भिवंडीत यंत्रमागावर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, ताण्यातला एक धागा तुटला आणि तो वेळेवर जोडला नाही तर काय होते? माग चालूच राहतो, कापडही विणले जाते. पण त्या धाग्याची रेघ पुढे कितीतरी मीटर तशीच उतरत जाते. ताका तपासणाऱ्याला दोष नंतर दिसतो. तो सुरू झालेला असतो खूप आधी.

बुद्धिबळाच्या पटावर हीच गोष्ट कळायला मला चाळिशी ओलांडावी लागली.

दर शुक्रवारी असरनंतर शेजारचे मास्तर आणि मी एक डाव मांडतो. या खेळाबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत, हे ठाऊक आहे. आमच्या दोन अटी ठरलेल्या आहेत: पैज नाही, आणि अजान झाली की पट तसाच सोडून उठायचे. वर्षानुवर्षे मी हरत होतो आणि दर वेळी माझ्याकडे कारण तयार असे. मागांचा खडखडाट, गेलेली लाईट, दिवसभराचा शीण. चूक माझी कधीच नसे.

एकदा मास्तर म्हणाले, "चाली लिहून ठेवत जा. मग कारणं सांगता येणार नाहीत." पद्धत सोपी आहे. उभ्या आठ पट्ट्यांना ए ते एच ही अक्षरे, आडव्या आठ रांगांना 1 ते 8 हे आकडे. चौसष्ट घरांपैकी प्रत्येकाला नाव मिळते आणि अख्खा डाव वहीच्या एका पानात मावतो.

पहिल्याच आठवड्यात मी हरलो. अठ्ठाविसाव्या चालीला हत्तीने एक प्यादे मारले, आणि मास्तरांचा हत्ती थेट माझ्या पहिल्या रांगेत उतरला. माझा राजा आपल्याच तीन प्याद्यांमागे कोंडलेला. मात! अठ्ठाविसावी चाल चुकली, असे मी लिहून टाकले. रात्री इशानंतर वही घेऊन पट पुन्हा मांडला, तेव्हा दिसले की सतराव्या चालीला मला उसंत होती. एच-2 वरचे प्यादे एक घर पुढे सरकवले असते, तर राजाला खिडकी मिळाली असती. त्याऐवजी मी दुसऱ्या टोकाचे प्यादे उगाच ढकलले होते. धागा तिथे तुटला होता. रेघ अकरा चालींनी दिसली.

हा उपाय नवा नाही. 1948 मध्ये जगज्जेते झालेले सोव्हिएत संघाचे मिखाईल बोटविनिक हेच सांगत: आपले डाव स्वतः तपासा, टिपणे लिहा आणि ती छापा, म्हणजे लोक तुमच्या चुका दाखवतील. त्यासाठी महागडा क्लास लागत नाही. वही-पेन पुरते. गरिबी आणि मेहनतीच्या कामामुळे हा खेळ दूर राहतो असेही नाही. भोपाळचे रफीक खान सुतारकाम करीत. 1980 मध्ये माल्टाच्या ऑलिंपियाडमध्ये त्यांनी वैयक्तिक रौप्यपदक मिळवले.

आता मोबाईलवर लीचेससारख्या ठिकाणी संगणक फुकटात डाव तपासून देतो. पण आधी स्वतः बघावे, मग यंत्राला विचारावे. यंत्र योग्य चाल सांगते. ती आपल्याला का दिसली नाही, हे सांगत नाही. ते फक्त आपल्याला ठाऊक असते, आणि तेही त्याच दिवशी. म्हणून मी डावातल्या तीन जागा निवडतो आणि त्या वेळी मनात काय होते ते लिहितो. यंत्र दुसऱ्या दिवशी.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो, ते सांगतो. माझी बारा वर्षांची लेक शाळेतर्फे एका स्पर्धेत खेळली. शेवटचा डाव हरली. रिक्षात बसल्यापासून घर येईपर्यंत मी बोलत राहिलो. "समोर वजीर होता, दिसला नाही?" तिने उत्तर दिले नाही. पुढचे कित्येक महिने पटाला हातही लावला नाही.

एका रात्री माझी वही दिवाणावर उघडी राहिली. सकाळी ती घेऊन लेक माझ्याजवळ आली. "अब्बा, इथं तुम्ही कारण लिहिलंय, घाई. घाई नव्हती. मी बघत होते. तुम्ही खूप वेळ घेतलात. तुम्हाला मास्तरचाचांचा हत्ती दिसलाच नाही."

ती खरे बोलत होती. वहीतसुद्धा मी स्वतःला सोयीचे कारण शोधले होते. आणि ज्या चुकीसाठी मी तिला रिक्षाभर बोललो, तीच चूक माझ्या पानापानावर होती. मी "घाई" खोडून "दिसला नाही" असे लिहिले. रिक्षातल्या बोलण्याबद्दल तिची माफी मागितली. ती फक्त म्हणाली, "मला पण एक वही आणा."

आता घरात दोन वह्या आहेत. नियम एकच: दुसऱ्याच्या वहीवर रागवायचे नाही. मुलाने हरलेला डाव स्वतःहून दाखवावा असे वाटत असेल, तर आधी आपला दाखवा. मास्तरांकडून मी अजूनही बहुतेक वेळा हरतो. पण परवाच्या डावात माझ्या राजाला खिडकी होती.