हात बांधून भ्रम जात नाही

रोह्याचे आमचे मामू, वय ७८. छातीत कफ भरला म्हणून त्यांना पेणच्या एका रुग्णालयात दाखल केले. तिसऱ्या रात्री ते ओरडू लागले. घरात पाणी शिरलंय, भिंतीवर माणसं चढतायत, मला सोडा. सलाईनही उपटले. सकाळी मी पोहोचलो, तेव्हा त्यांचे दोन्ही हात बँडेजच्या पट्टीने खाटेला बांधलेले होते.

सिस्टर म्हणाल्या, "वय झालंय त्यांचं. आणि रात्री आम्ही दोघीच होतो." आमच्याच एका नातेवाईकाने कानात सांगितले, "असर आहे, मौलवींना बोलवा." राग मला दोघांचाही आला. दोन्ही उत्तरांचा अर्थ एकच होता : कारण शोधू नका.

आपली जुनी माणसे याला 'वात झाला' म्हणत. डॉक्टर डेलिरियम म्हणतात. हे वेड नव्हे आणि स्मृतिभ्रंशही नव्हे. स्मृतिभ्रंश महिनोन्‌महिने वाढत जातो. हा भ्रम काही तासांत किंवा दिवसांत येतो, कधी कमी तर कधी जास्त होतो. त्यामागे जंतुसंसर्ग, कमी झालेले सोडियम, शरीरातले पाणी आटणे, बद्धकोष्ठ, एखादे औषध, असे काहीतरी कारण असते. मामूंची लघवी तुंबली होती. पोटाला हात लावून कुणी पाहिलेच नव्हते. नळी घातल्यावर ते शांत झोपले. चष्मा आणि कानाचे यंत्र तर आम्हीच रोह्याला विसरलो होतो. ते आणून दिले. दोन दिवसांनी त्यांनी मला नावाने हाक मारली.

यासाठी मोठी यंत्रे लागत नाहीत. अमेरिकेत शॅरन इनोये यांनी सत्तरीपुढच्या ८५२ रुग्णांचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. पाणी पाजणे, रात्री झोपू देणे, चालवणे, चष्मा व यंत्र देणे, बोलत राहणे, एवढ्यावर भ्रमाचे प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आले.

२०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की, केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणून रुग्णाला बांधता येणार नाही. पण तो मानसिक आरोग्य संस्थांसाठी. मग साध्या वॉर्डातल्या म्हाताऱ्याने काय गुन्हा केला? बांधल्याने तो आणखी बिथरतो, हातपाय झाडतो, जखमी होतो. दोन सिस्टरवर अख्खा वॉर्ड टाकणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

आणि आपणही. म्हाताऱ्या आईबापाशी अदबीने वागा, ही कुरआनची ताकीद आपण जुम्म्याला ऐकतो आणि रुग्णालयात विसरतो. दुआ जरूर करा, पण आधी डॉक्टरांना विचारा : हे अचानक का झाले? लघवी, रक्त, औषधे तपासलीत का? एकाने रात्री उशाशी बसा, हात धरा. आणि जो म्हातारा अचानक गप्प, सुस्त पडून राहतो, त्याला 'बरा झोपलाय' म्हणू नका. त्यालाही हाच भ्रम झालेला असू शकतो. तो ओरडत नाही, एवढेच.