ओटीपी आला, पण कशाचा?

रिझर्व्ह बँकेने २५ सप्टेंबर २०२५ रोजी काढलेले डिजिटल व्यवहारांच्या प्रमाणीकरणाचे निर्देश १ एप्रिल २०२६ पासून लागू होत आहेत. आपल्या नागरी सहकारी बँकांत ते वाचले गेले असतील. निदान व्हेंडरने पाठवलेला दोन पानांचा सारांश तरी वाचला गेला असेल. म्हणून कलमांचे पारायण इथे करीत नाही. त्यातल्या दोनच गोष्टी समोर ठेवू. कार्ड प्रत्यक्ष समोर नसलेल्या व्यवहारात दोन घटकांपैकी किमान एक घटक त्या व्यवहारापुरता नव्याने तयार झालेला आणि फक्त त्याच व्यवहाराला लागू पडणारा हवा, ही एक. निर्देश न पाळता व्यवहार होऊन ग्राहकाचे नुकसान झाले तर ते इश्युअर बँकेने खळखळ न करता पूर्ण भरून द्यायचे, ही दुसरी. संचालक मंडळांची झोप उडाली आहे ती दुसऱ्या गोष्टीने, आणि ते साहजिक आहे. पहिलीचा निकाल मात्र बहुतेक ठिकाणी एका ओळीत लागतो: ‘आपल्याकडे ओटीपी आहे, पूर्तता झाली.’ व्हेंडरचे प्रमाणपत्र इतिवृत्ताला जोडले की विषय संपला. आमचा आक्षेप नेमका या एका ओळीला आहे.

ओटीपी त्या एकाच व्यवहाराचा आहे हे सर्व्हरला ठाऊक असते. ज्याच्या खात्यातून पैसे जाणार त्याला ते कळते का? आपल्या खातेदारांत भाजीचे आडते आहेत, बचत गटाच्या अध्यक्षा आहेत, निवृत्त मुख्याध्यापक आहेत, यंत्रमागावरचे कामगार आहेत. त्यांची पासबुके मराठीत, कर्जाचे अर्ज मराठीत, वार्षिक सभेचा अहवाल मराठीत, शाखेतले फलक तर तीन भाषांत. आणि पैसे खात्यातून जाण्याच्या क्षणी, जिथे वाचण्यात चूक झाली तर रक्कम परत येणे कठीण, तिथे मात्र आपण त्यांना इंग्रजीत संदेश पाठवतो. त्यातले सहा आकडे तेवढे त्यांना ओळखू येतात. रक्कम किती, ती कोणाला जाणार, की रक्कम नसून नवा पिनच बसवला जाणार आहे, हा सगळा मजकूर त्यांच्या दृष्टीने त्या आकड्यांभोवतीची नक्षी. ज्या घटकाने व्यवहाराला ग्राहकाची संमती जोडायची, तो ग्राहकाला वाचताच येत नसेल तर त्याची किंमत एका जास्तीच्या पासवर्डाइतकीच. युरोपात १४ सप्टेंबर २०१९ पासून लागू असलेल्या प्रमाणीकरण नियमांत हे स्पष्टच लिहिले आहे: सांकेतिक क्रमांक रक्कम आणि घेणारा या दोन्हींशी बांधलेला हवा, आणि पैसे देणाऱ्याला त्या दोन्ही गोष्टी कळवलेल्या हव्यात. आपल्या निर्देशांत बांधणी आहे, कळवण्याबद्दल इतके स्पष्ट काही नाही. रिझर्व्ह बँकेने ही फट ठेवायला नको होती. पण ती बुजवायला आपल्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

मराठी ओटीपीचा विषय काढला की आयटी विभागाकडून पहिला आकडा येतो तो सत्तरचा. तो खरा आहे. रोमन अक्षरांच्या एसएमएसमध्ये १६० चिन्हे बसतात. देवनागरी आली की संदेश युनिकोडमध्ये जातो आणि मर्यादा ७० वर येते. त्यातही काना, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. ‘खात्यातून’ हा डोळ्यांना चार अक्षरांचा दिसणारा शब्द यंत्राच्या हिशेबी नऊ चिन्हांचा. सत्तर ओलांडले की संदेशाचे तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यात ६७ चिन्हे उरतात आणि बिल तुकड्यांच्या संख्येवर येते. इथवर सगळे मान्य. पण या आकड्याच्या पुढे जाऊन कोणी मसुदा लिहून पाहिला आहे का? ‘रु.२४९९९ खात्यातून जाणार. घेणारा: अमुक. ओटीपी ४५८२१३’ या वाक्यात नाव वगळून ४८ चिन्हे होतात. नावाला २२ उरतात. बँकेचे नाव घालायचे आणि घेणाऱ्याचे नाव लांबलचक निघाले, तर दोन तुकडे, म्हणजे १३४ चिन्हे. तेवढ्यात मोठ्या पेढीचे नावही सुखाने मावते. इंग्रजी मजकुराचे भाषांतर करायला बसले की तीन तुकडे होतात, कारण त्या इंग्रजीत ‘प्रिय ग्राहक’पासून ‘कोणालाही सांगू नका, बँक कधीही विचारत नाही’पर्यंत सगळा प्रपंच भरलेला असतो. भाषांतर करूच नका. मराठीत माणूस एका ओळीत काय सांगेल ते लिहा.

खरी अडचण अक्षरांची नाहीच, ती टेम्प्लेटची आहे. दूरसंचार नियामकाच्या डीएलटी व्यवस्थेत प्रत्येक संदेशाचा मजकूर आधी नोंदवावा लागतो, बदलता भाग व्हेरिएबलमध्ये ठेवावा लागतो, आणि नोंदलेल्या मजकुराशी जुळला नाही तर संदेश वाटेतच गळतो. ८ मार्च २०२१ रोजी ही गाळणी खऱ्या अर्थाने सुरू झाली तेव्हा देशभरातले ओटीपी अडकले आणि दुसऱ्याच दिवशी नियामकाला ती आठवडाभर थांबवावी लागली. त्या दिवसाचा धसका असा बसला की एकदा चाललेल्या टेम्प्लेटला हात लावायचा नाही, हा आपल्या आयटी विभागांचा अलिखित नियम झाला. पाच वर्षे झाली. मोबाइल बदलले, फसवणुकीच्या तऱ्हा बदलल्या, मजकूर तोच. नियामक म्हणतो, प्रादेशिक भाषेतले टेम्प्लेट नोंदवा, आमची हरकत नाही. संदेश पोचवणारा ॲग्रीगेटर म्हणतो, बँकेने कळवावे. बँक म्हणते, व्हेंडरला विचारतो. व्हेंडर म्हणतो, हा ‘चेंज रिक्वेस्ट’ आहे, दरपत्रक पाठवतो. आणि व्हेंडर तरी एक असतो का? कार्डाचा ओटीपी बहुधा कार्डव्यवहाराची पडताळणी करणारा एसीएस सर्व्हर चालवणारी कंपनी पाठवते; मोबाइल बँकिंगचा, ॲप बनवणारी; यूपीआय पिन बसवतानाचा, स्विच सांभाळणारी. तिघांचे तीन मजकूर, तीन तऱ्हेचे इंग्रजी. गंमत अशी की डीएलटीच्या नोंदवहीत या सर्व मजकुरांची मालक म्हणून नाव आपल्याच बँकेचे आहे. त्या पोर्टलचा पासवर्ड आपल्या बँकेत नक्की कोणाकडे आहे, हे मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी आजच विचारून पाहावे. उत्तर मिळायला किती वेळ लागतो तेही मोजावे.

खर्चाचा आक्षेप आम्ही उडवून लावत नाही. लहान बँकेला एका संदेशाचे दोन झाले तर वर्षाच्या बिलात ते दिसते. पण सगळे संदेश मराठीत करा असे कोण म्हणते आहे? व्याज जमा झाल्याचा, शिल्लक कळवणारा, दिवाळीच्या शुभेच्छांचा संदेश आहे त्या भाषेत जाऊ द्या. शुभेच्छांचा तर बंदच करा. पैसे बाहेर जाण्यापूर्वीचे आणि पिन, मोबाइल क्रमांक किंवा उपकरण बदलण्याचे, एवढेच संदेश मराठीत हवेत. खाते उघडताना ग्राहकाची भाषा विचारून कोअर बँकिंग प्रणालीत (सीबीएस) एक रकाना भरला की ज्याला इंग्रजी हवे त्याला इंग्रजी मिळेल. निर्देशांत व्यवहाराचे ठिकाण, उपकरण, ग्राहकाची नेहमीची रीत पाहून जोखमीनुसार जादा तपासणी करण्याची मुभा आहे, त्या रिस्क इंजिनसाठी आपण दरपत्रके मागवतोच आहोत. त्याच्या वार्षिक शुल्काशेजारी हा खर्च मांडून पाहा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. फसणारा मराठीतही फसेल, तो ओटीपी वाचून दाखवतोच, असे अनेक जण म्हणतात. काही बाबतींत ते बरोबर आहे. लग्नपत्रिकेच्या किंवा आरटीओ चलनाच्या नावाखाली आलेली एपीके फाइल मोबाइलमध्ये बसली आणि संदेश परस्पर पुढे जाऊ लागले, तर ते कोणत्या भाषेत होते याने काही फरक पडत नाही. कॅमेऱ्यासमोर तासन् तास ‘डिजिटल अटके’त बसवलेला माणूसही कदाचित वाचून थांबणार नाही. पण यूपीआयमधल्या कलेक्ट रिक्वेस्टचे काय झाले ते आठवा. पैसे मागणारी विनंती यायची, भामटा फोनवर सांगायचा की पैसे मिळवायला पिन टाका, आणि लोक टाकायचे. पिनचे कूटलेखन कोणी फोडले नव्हते, पिन जपणारे एचएसएम शाबूत होते, उपकरणाची बांधणी शाबूत होती. पडद्यावरचे वाक्य तेवढे लोकांपर्यंत पोचत नव्हते. अखेर यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयला ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीने व्यक्तीकडे पैसे मागण्याची ती सोयच बंद करावी लागली. वाक्य समजत नाही म्हणून चालू यंत्रणेतली सोय काढून टाकावी लागते, तर वाक्याला सुरक्षेचा भाग मानायला आपण इतके का बिचकतो? फसवणारा तर भाषेचे महत्त्व पुरते ओळखून आहे. तो आपल्या खातेदाराशी इंग्रजीत बोलत नाही.

बँकेच्या या संदेशांत सर्वांत धोक्याचा कोणता, यावर आपल्या क्षेत्रात फारशी चर्चा होत नाही. तो रकमेचा नाही. डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मुदत आणि एक ओटीपी मिळाला की यूपीआय पिन नव्याने बसतो. त्याआधी उपकरण बांधण्यासाठी ग्राहकाच्या सिमवरून एक सांकेतिक एसएमएस जावा लागतो; तो अगम्य मजकूर अमुक क्रमांकावर ‘फॉरवर्ड करा’ असे सांगून भामटे स्वतःच्या हँडसेटवर दुसऱ्याचे खाते जोडून घेतात. म्हणजे सगळे कुलूप त्या एका ओटीपीवर येऊन ठरते. त्या संदेशात रक्कम नसते, घेणाऱ्याचे नाव नसते, भीती वाटावी असे काही नसते. ‘या क्रमांकाने तुमच्या खात्याला नवा यूपीआय पिन बसेल. तुम्ही मागितला नसेल तर १९३० ला फोन करा’ एवढे मराठीत लिहिलेले असेल, तर वाचणाऱ्याला निदान थांबायचे कारण मिळते. आजच्या मजकुरात ते नाही.

तिसरा आक्षेप नव्याचा सोस असलेल्यांचा. एसएमएस आता जाणारच, बोटाचा ठसा आणि चेहरा आला, मग मेलेल्या गोष्टीवर शाई कशाला? रिझर्व्ह बँकेने एसएमएस ओटीपी बंद केलेला नाही, हे आधी लक्षात घ्यावे. १ ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्डव्यवहारांना जादा घटक सक्तीचा झाला, तेव्हापासून ज्या खातेदारांना आपण या वळणावर आणले ते एका तिमाहीत ॲपवर जाणार नाहीत. शिवाय ॲपमध्ये ७० चिन्हांची अडचण नाही, म्हणजे तिथे तर सबबही उरत नाही. तरी आपल्या ॲपमधली संमतीची शेवटची खिडकी उघडून पाहा: वरच्या मेनूत ‘मराठी’ निवडता येते, आणि पैसे पाठवण्याच्या बटणापाशी पोचताच मराठी संपते. ठसा उमटवणाऱ्या बोटाला मजकूर वाचता येत नाही. आरटीजीएस व एनईएफटीमध्ये १ एप्रिल २०२५ पासून घेणाऱ्याचे नाव तपासून दाखवण्याची सोय देणे बंधनकारक झाले, यूपीआयमध्येही बँकेच्या नोंदीतलेच नाव दाखवायचे आहे. माहिती यंत्रणेत आलेली आहे. ती ग्राहकाच्या भाषेतल्या वाक्यात बसवण्याचे शेवटचे काम राहिले आहे, आणि ते कोणा एकाचे नसल्यामुळे कोणीच करीत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेवर हल्ला होऊन ९४ कोटी रुपये गेले, तेव्हापासून आपली मंडळे स्विच, फायरवॉल, सर्व्हर यांवर योग्य तो खर्च करीत आली. तिथे खातेदाराने कुठलेही बटण दाबलेले नव्हते. आज पैसे जातात ते बऱ्याचदा खातेदाराच्याच बोटाने, आणि पहारा मात्र जुन्याच दारावर आहे.

जबाबदारीचा मुद्दाही इथेच येऊन मिळतो. सहकारी बँकांसाठी डिसेंबर २०१७ मध्ये आलेल्या परिपत्रकापासून अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारात ग्राहकाची चूक सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे. आपले ठरलेले उत्तर असते: ग्राहकाने ओटीपी दिला, निष्काळजीपणा झाला. उद्या लोकपालांपुढे किंवा ग्राहक आयोगापुढे खातेदाराने विचारले, की माझे खाते मराठीत उघडले, सह्या मराठीत घेतल्या, मग इशारा मला न येणाऱ्या भाषेत का दिलात, तर आपल्या वकिलांनी काय सांगायचे? दोन तुकड्यांचे बिल जास्त येत होते, हे?

आता कामाला लागा. मार्च अखेरच्या मंडळ सभेत पूर्ततेचा ठराव मांडण्याआधी आपल्याच बँकेचे तीन ओटीपी संदेश, कार्डाचा, ॲपचा आणि पिनचा, सर्व संचालकांसमोर मोठ्याने वाचा आणि त्यातून काय कळले ते प्रत्येकाला मराठीत सांगायला लावा. डीएलटीचे लॉगिन ताब्यात घ्या. तिन्ही व्हेंडरांना एकाच पत्राने मराठी टेम्प्लेट मागा, आणि ‘चेंज रिक्वेस्ट’चे दरपत्रक आले तर ते जिल्हा असोसिएशनकडे पाठवा, एकाच कंपनीकडून पन्नास बँकांनी पन्नास वेळा तोच बदल विकत घेण्याचा मूर्खपणा पुरे झाला. जुने टेम्प्लेट चालू ठेवून नवे आधी कर्मचाऱ्यांच्या खात्यांवर चालवून पाहा, म्हणजे २०२१ची पुनरावृत्ती होणार नाही. ज्या बँकांचे मसुदे तयार आहेत त्यांनी ते चिन्हसंख्येसह या महिन्याच्या २० तारखेपर्यंत संपादकीय कार्यालयाकडे पाठवावेत. पुढील अंकात ते छापू, कोणीही उचलावेत. इंग्रजीवरून केलेली भाषांतरे पाठवू नयेत.