वागळ्यांची दुसरी पिढी

आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतून साकारलेली 'वागळे की दुनिया' १९८८ साली दूरदर्शनवर आली. २०२१ मध्ये तिचे पुनरुज्जीवन झाले. अंजन श्रीवास्तव व भारती आचरेकर यांचे वागळे दांपत्य आता आजी-आजोबा झाले आणि कथेचा भार मुलगा राजेश (सुमीत राघवन) याच्यावर आला. हे केवळ स्मरणरंजन नव्हे. मध्यमवर्गाची साधने बदलली, भिडस्तपणा मात्र उरला, ही जाणीव त्यामागे आहे. चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावांचे हेच तर मर्म! तथापि मराठी घराची ही दुसरी पिढी हिंदीत नांदते. तुळजापुरात अध्यापन करताना जाणवते की, विद्यार्थ्यांना चिमणराव केवळ नेमलेल्या उताऱ्यातून भेटतात. चिमणरावांची नातवंडे आज काय करतात, याचे उत्तर मराठी विनोदकारानेच द्यावयास हवे.