तक्रार बंद केली, ती कुणाला विचारून?

आमच्या वस्तीतल्या सार्वजनिक संडासाला बायकांच्या बाजूने आठ दारं आहेत. त्यातल्या पाचांना आतून कडी नाही. एकीने आत जायचं, दुसरीने बाहेरून दार धरून उभं राहायचं, अशी आमची वर्षानुवर्षांची पद्धत. रात्री दिवा नसतो. याबद्दल आम्ही निवेदनं दिली, प्रभाग कार्यालयात बसून राहिलो आणि गेल्या वर्षी तिथल्या साहेबांच्याच सांगण्यावरून महापालिकेच्या ॲपवर तक्रार केली. पुढे काय झालं ते सविस्तर सांगते, कारण ‘घरबसल्या तक्रार करा’ असं आपल्याला हल्ली सगळीकडे सांगितलं जातं.

ॲपने आधी विचारलं, तक्रारीचा प्रकार कोणता? कचरा, रस्ता, पाणी, ड्रेनेज, दिवाबत्ती. कडीला रकाना नव्हता. आम्ही ‘इतर’मध्ये गेलो. मग फोटो मागितला. संडासात फोन घेऊन शिरणाऱ्या आमच्या पोरीला रांगेतल्या बायकांनीच हटकलं, आणि बरोबरच हटकलं. मग मोबाईल नंबर. ज्या मावशींच्या नावाने तक्रार होती त्यांच्या घरात फोन एकच, तो नवऱ्याकडे, आणि नवरा रिक्षा घेऊन स्टेशनवर. ओटीपी त्याच्याकडे गेला. ‘कसला नंबर आलाय? कुणाला देतेयस?’ यावरून रात्री घरात भांडण झालं. अकराव्या दिवशी त्याच फोनवर निरोप आला, तक्रारीचे निवारण झाले आहे. मावशींना तो आणखी तीन दिवसांनी कळला. कडी आजही नाही.

पालिकेच्या दप्तरी मात्र ही सुटलेली तक्रार आहे. ती बंद करणाऱ्याने कुणाला विचारलं नाही, आणि विचारायची सोय त्या यंत्रात नाही. मैत्रिणींनो, माझं भांडण या एका गोष्टीशी आहे.

यंदा त्याच पालिकेने ‘तंत्रज्ञानाच्या मदतीने नागरी सेवा कशा सुधाराव्यात’ यासाठी नागरिकांकडून कल्पना मागवल्या. बैठकीला जायचं की नाही यावर आमच्या गटात दोन तट पडले. जुन्या कार्यकर्त्या म्हणाल्या, हे शिकलेल्या लोकांचे खेळ आहेत, आपण हंडे घेऊन दारात बसू. तरुण मुली म्हणाल्या, बायकांना फोन शिकवू म्हणजे प्रश्न सुटेल. मला दोन्ही पटत नाही.

आधी मुलींचं घेते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात स्वतः वापरायला मोबाईल असलेल्या स्त्रिया सुमारे ५४ टक्के आहेत. इंटरनेट कधी तरी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के आणि पुरुष ५७ टक्के. त्यानंतर हे आकडे वाढले असतील, पण फोन घरात असणं आणि तो बाईच्या हातात असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाईला बटणं दाबता येत नाहीत म्हणून ती मागे आहे, हे निदानच चुकीचं. आमच्या मावशींना फोन चालवता येतो. तो त्यांच्या वाट्याला येत नाही.

आता जुन्या मैत्रिणींचं. मोजणं, नोंदवणं, तक्ते करणं हे सुशिक्षितांचं काम असं आपण म्हणायला लागलो, तर आपण आपलाच इतिहास विसरलो. १९८५ साली मुंबईत भायखळ्याच्या परिसरातल्या फुटपाथवर राहणाऱ्या हजारो कुटुंबांची मोजणी झाली. ही माणसं सरकारच्या लेखी नव्हतीच. ‘स्पार्क’च्या त्या पाहणीनंतर त्याच फुटपाथवरच्या बायकांमधून ‘महिला मिलन’ उभं राहिलं. २०११ पासून मुंबईत ‘राइट टू पी’च्या कार्यकर्त्यांनी मुताऱ्या मोजल्या, पुरुषांना फुकट आणि बायकांना पैसे हे चव्हाट्यावर आणलं. ‘मिळून साऱ्याजणी’ने केलेल्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये महापालिकांना स्त्रियांसाठी स्वच्छतागृहांची सोय करण्याचे आदेश दिले. मृणालताई गोरेंना ‘पाणीवाली बाई’ म्हणत, त्यांच्या मोर्चातले रिकामे हंडे हा आकडाच होता की! फक्त तो साहेबाच्या टेबलावर वाजत होता.

तर आम्ही पाचजणी बैठकीला गेलो. वेळ दुपारी चारची, म्हणजे नेमकी पाणी यायची. दोघींना त्यासाठी शेजारणीला हंडे लावून यावं लागलं.

तिथे मोठ्या पडद्यावर नकाशे दाखवले. शहरातला प्रत्येक दिवा, प्रत्येक घंटागाडी नियंत्रण कक्षातून दिसते म्हणे. आमच्या संडासाचा विषय निघाला तेव्हा साहेबांनी लगेच तोडगा सांगितला, दाराशी कॅमेरा बसवू. आमच्यातल्या एक आक्का उभ्या राहिल्या. ‘साहेब, आम्ही कधी गेलो, किती वेळा गेलो, हे तिकडे बसून कोण बघणार?’ सभागृहात कुणीतरी हसलं. साहेब म्हणाले, सुरक्षेसाठी आहे. आक्का म्हणाल्या, ‘सुरक्षा पाहिजे म्हणूनच कडी मागतोय. कडी पन्नास रुपयाला येते.’

यावर उत्तर आलं नाही.

मग बायकांनी ज्या कल्पना मांडल्या त्या मी इथे लिहून ठेवते, कारण पालिकेच्या इतिवृत्तात त्या येतील याची मला खात्री नाही. पहिली पाण्याची. आमच्याकडे पाणी कधी पहाटे तीनला, कधी दुपारी. चावीवाला चावी फिरवतो तेव्हा त्याच्या खिशात फोन असतो. त्याने त्या क्षणी एक बटण दाबावं, आणि निरोप घरच्या ‘कुटुंबप्रमुखा’ला न जाता गल्लीतल्या दोन बायकांना जावा. त्या हाका मारतील. पाणी येणार नसेल तर ते आदल्या सकाळी घंटागाडीच्या कर्ण्यावरून सांगावं. ती गाडी रोज सकाळी गाणी वाजवत दारात येते, मग एक वाक्य वाजवायला काय हरकत आहे? ज्या बाईने ही युक्ती सांगितली ती अंगठा करते. चार कामांच्या घरी जाते, आणि पाण्याची वाट पाहण्यात तिचे खाडे पडतात, पगार कापला जातो. नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर तिचे खाडे दिसत नाहीत.

दुसरी कल्पना तक्रारीची. मिस्ड कॉल द्यावा, पालिकेने उलट फोन करून मराठीत, हिंदीत विचारावं, बाईने तोंडी सांगावं. फोटोची सक्ती नको, ओटीपी नको. आणि महत्त्वाचं म्हणजे तक्रार बंद करायचा अधिकार जिने केली तिचा. तिने ‘झालं’ म्हटलं तरच ती बंद. यात अवघड यंत्र कोणतंच नाही. अवघड आहे ते कनिष्ठ अभियंत्याने वस्तीत येऊन बाईला विचारणं.

मुदतीचं तत्त्व तर कायद्याने मान्यच केलं आहे. महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा. अधिसूचित सेवा ठरलेल्या दिवसांत न मिळाल्यास अपील करता येतं, कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. दाखल्याला जी मुदत, ती संडासाच्या दुरुस्तीला का नको? माहिती अधिकार कायदा २००५ चा. त्याचं चौथं कलम सांगतं की कार्यालयाने बरीचशी माहिती कुणी मागायच्या आधीच जाहीर करावी. मग आमच्या संडासाच्या सफाईचा ठेका कुणाला, किती रुपयांना, दिवसातून किती वेळा सफाई ठरली आहे, हे त्या संडासाच्या भिंतीवर रंगवून लिहा. ॲपवरही घाला, आमची ना नाही. पण भिंतीवर आधी.

आता पैशाचं. केंद्राचं स्मार्ट सिटी अभियान जून २०१५ मध्ये सुरू झालं आणि मार्च २०२५ मध्ये संपलं. शंभर शहरांत नियंत्रण कक्ष उभे राहिले. ही कामं महापालिकेच्या सभागृहाने केली नाहीत, त्यासाठी शहरागणिक वेगळी कंपनी काढली. राज्यात २०११ पासून स्थानिक संस्थांत स्त्रियांना ५० टक्के जागा आहेत. म्हणजे बायका सभागृहात निम्म्या झाल्या आणि निर्णय सभागृहाबाहेरच्या कंपनीत गेला. त्यात मुंबईसह अनेक महापालिकांची मुदत २०२२ मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकच कारभार पाहत होते. त्या काळात कडी मागायची ती कुणाकडे? नगरसेविका नाही, सभा नाही. होतं ते ॲप.

म्हणून मी तंत्राच्या विरोधात नाही आणि ‘आपल्याला काय त्याचं’ असंही म्हणणार नाही. यंत्राने काय मोजायचं हे ठरवताना आपण तिथे असलं पाहिजे, नाहीतर ते आपल्याला ‘इतर’मध्ये टाकतं.

बैठकीनंतर आम्ही वाट न पाहता एक वही सुरू केली आहे. संडासाच्या आठ दारांना क्रमांक दिले. रोज दोघींनी पाहायचं: कडी, दिवा, पाणी, सफाई कधी झाली. दर रविवारी एक मुलगी ते फोनवरच्या तक्त्यात भरते आणि कागदावर काढून चौकात लावते. पहिल्या महिन्यात ठरल्याप्रमाणे दिवसातून दोनदा सफाई झाली असे दिवस चार भरले. हा कागद घेऊन आम्ही प्रभाग कार्यालयात गेलो तेव्हा साहेबांनी विचारलं, हा तक्ता कुठल्या एजन्सीने केला?

ज्या गटांनी असे तक्ते केले असतील त्यांनी आपले रकाने आम्हाला जरूर कळवावेत. आमच्यात एक राहून गेला होता. पाळीचे कपडे टाकायला डबा आहे का, हे आम्ही सगळ्या मोठ्या बायका लिहायला विसरलो होतो. नववीतल्या एका पोरीने वहीत स्वतःच रेघ मारून तो रकाना घातला.