कॉप्युलाच्या कोपऱ्यात बघितलंत का?

पुण्यातल्या आयटीवाल्यांपैकी बऱ्याच जणांचं पोट परदेशी बँकांच्या रिस्क प्रोजेक्ट्सवर चालतं. त्यामुळे 'कॉप्युला' हा शब्द कधी ना कधी कानावर पडतोच. बहुतेकदा तो एखाद्या फंक्शनचं नाव म्हणून पडतो. दोन आकडे आत टाकले, एक बाहेर आला, टेस्ट केस पास, चला चहाला! माझं म्हणणं असं की हे फंक्शन इतक्या निर्धास्तपणे वापरण्यासारखं नाहीये.

आधी थोडी ओळख. (ज्यांना माहितीये त्यांनी हा परिच्छेद गाळावा.) सीईटीत मार्कांचं पर्सेंटाइल करतात ना, तसंच. फिजिक्स आणि मॅथ्स दोन्हींच्या मार्कांचं ० ते १ मध्ये पर्सेंटाइल केलं, की कुठला पेपर सोपा होता आणि कुठला अवघड, हा भाग निघून जातो. उरतं ते दोघांमधलं नातं. तेच कॉप्युला. कुठल्याही दोन चलांचं संयुक्त वितरण असं फोडता येतं, हे एब स्क्लार या गणितज्ञाने १९५९ साली दाखवलं. आता एक बाय एकचा चौरस डोळ्यासमोर आणा. त्यात कुठे किती गर्दी आहे, ती म्हणजे घनता. दोन चलांचा एकमेकांशी काही संबंधच नसेल तर सगळीकडे घनता १. कुठे ५ आली तर तिथे पाचपट गर्दी.

'आर' नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कॉप्युला याच नावाचं पॅकेज आहे, त्यात ही घनता एका ओळीत मिळते. मी दोन कॉप्युला घेतले, एक नॉर्मल आणि एक क्लेटन. दोन्हींचा केंडॉलचा टाऊ, म्हणजे क्रमांकांवरून काढलेला सहसंबंध, मुद्दाम ०.५ ठेवला. (नॉर्मलचा ρ ०.७०७, क्लेटनचा θ २.) चौरसाच्या मध्यावर नॉर्मलची घनता १.४१, क्लेटनची १.४८. फरक जवळपास नाहीच. आता खालच्या कोपऱ्यात जा, जिथे दोन्ही चलं ०.०१ वर आहेत. नॉर्मल १३.३, क्लेटन ५३! वरच्या कोपऱ्यात, ०.९९ वर, नॉर्मल परत तेच १३.३ आणि क्लेटन जेमतेम २.९.

म्हणजे 'सहसंबंध किती?' याचं उत्तर दोन्हीकडे एकच, पण दोन्ही कर्जं एकदम बुडण्याची शक्यता मात्र पार वेगळी. आणि जितकं खोल जाल तितकं हे अंतर वाढतं. क्लेटनमध्ये एक चल अगदी तळाला गेलं तर दुसरंही तितक्याच तळाला असण्याची शक्यता ७१ टक्क्यांवर स्थिरावते, नॉर्मलमध्ये ती शून्याकडे जाते. रोजचा विदा बहुतेक मधल्या भागातलाच असतो, तिथे दोघं जुळ्या भावांसारखे दिसतात. पैसे बुडतात ते कोपऱ्यात.

डेव्हिड ली यांनी २००० साली कर्जं एकत्र बुडण्यासाठी नॉर्मल कॉप्युला वापरणारा पेपर लिहिला आणि वॉल स्ट्रीटने तो डोक्यावर घेतला. २००८ नंतर सगळं खापर त्याच सूत्रावर फुटलं. मला हे पटत नाही. सूत्र काही लपवत नव्हतं. एम्ब्रेक्ट्स, मॅकनील आणि स्ट्रॉमन यांनी सहसंबंधाच्या एका आकड्यावर विसंबू नका, हे २००२ च्या लेखात उदाहरणांसकट सांगितलं होतं. घनता काढून कोपरे बघणं अवघड नव्हतं, पण एकच आकडा घालायचा आणि पुढे जायचं हे फार सोयीचं होतं. अजूनही आहे. नॉर्मल हाच डिफॉल्ट ठेवायचा आणि त्याने कर्जांचे डिफॉल्ट मोजायचे :)

स्वतःचा कोड लिहिणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. क्लेटनचं सूत्र पुस्तकात आहे तसं टाइप केलंत तर दोन्ही चलं १०^-६० वर असताना संगणक 'अनंत' म्हणेल. खरं उत्तर आहे ५३ आणि पुढे साधारण ५८ शून्यं. प्रचंड, पण अनंत नव्हे. मधला एक गुणक १०^३६० होतो आणि डबलची मर्यादा १०^३०८ च्या आसपास संपते. म्हणून हिशोब लॉगमध्येच करायचा. पॅकेजमध्ये त्यासाठी वेगळा पर्याय दिलेलाच आहे, तो शोभेसाठी नाही. दुसरं, विद्याचे क्रमांक लावून त्यांना n ने नाही, n+१ ने भागा. n ने भागलं की सगळ्यात मोठी नोंद बरोबर १ होते, नॉर्मलचं व्यस्त फलन तिथे अनंत देतं, आणि अनंतातून अनंत वजा करायची वेळ आली की तुमची अख्खी लाइकलीहूड 'नॅन' होऊन बसते. मग कोणीतरी ती ओळच विद्यातून काढून टाकतो. नेमकी कोपऱ्यातली.